आमची वाटचाल : काळ्या मातीवरचं ग्रीन

बंगल्यांची लॉन लावण्यापासून आमची फर्म सुरू झाली. गोल्फ मैदानाचं पहिलं काम दिलं काटोल रोडच्या एका संत्रा बागायतदारांनी, नऊ होलांचं. त्यानंतरची बरीच वर्षं कामं मिळत गेली, पैसे येत गेले. सांगायचं आहे ते बुडालेल्या दोन ग्रीनबद्दल. ग्रीन म्हणजे होलभोवतीची अगदी बारीक कापलेली हिरवळ.

नागपूरची काळी माती मे महिन्यात भेगाळते आणि जुलैत फुगून चिबडते. म्हणून ग्रीन बसवायचं खोदलेल्या पेटीत: 40 सेंमी खोदाई, तळाच्या चरांत छिद्रं पाडलेले 4 इंची पाइप, दोन चरांत जास्तीत जास्त 5 मीटर, वर 10 सेंमी धुतलेली बारीक गिट्टी आणि त्यावर 30 सेंमी रेतीचं मिश्रण. 500 चौरस मीटरच्या ग्रीनला साधारण 18 ब्रास गिट्टी आणि 53 ब्रास मिश्रण लागतं. ती दोन ग्रीन बांधली त्या वर्षी रेतीचे भाव चढले आणि आम्ही कन्हान नदीची रेती न धुता भरली. चूक आमचीच. गाळ 5 टक्क्यांच्या आणि चिकणमाती 3 टक्क्यांच्या आत हवी, हे माहीत असून.

जुलैत पाणी दोन-दोन दिवस हटेना. 108 मिमीचा होल कटर मारून नळकांडं वर काढलं. वर हिरवं गवत, चार बोटं खाली काळा थर, कुजक्या अंड्यांचा वास आणि मुळं तिथेच अडलेली. दोन्ही ग्रीन गिट्टीपर्यंत उकरावी लागली, बिलं अडकली, ग्रीनचं गवत कापायची दोन यंत्रं (रील मोवर) विकावी लागली. त्याच पावसात एका स्पर्धकाने आमच्या तुंबलेल्या ग्रीनचे फोटो गावभर फिरवले आणि अठरा होलांचं मोठं काम नेलं.

ते आम्ही अजून विसरलेलो नाही. त्या स्पर्धकाच्या नकाशात बंकर, म्हणजे रेतीचे खड्डे, मोजून दाखवले होते, जणू जितके जास्त तितकं मैदान भारी. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या जुन्या मैदानावर 112 बंकर आहेत, पण फेअरवे (टीपासून ग्रीनपर्यंतचा कापलेल्या गवताचा पट्टा) इतके रुंद की बंकर चुकवायची वाट कायम असते. त्या स्पर्धकाच्या मैदानावर 25 मीटरच्या फेअरवेवर दोन्ही बाजूंनी बंकर आणि पुढे तळं. मेंबर रविवारची सकाळ झुडपांत चेंडू शोधत घालवतात. चेंडू सापडत नसेल तर खेळाची मजा कुठली?

फेअरवे 45 ते 50 मीटर ठेवा. बंकर अशा कडेला ठेवा की त्याला चिकटून मारणाऱ्याला ग्रीनचं तोंड उघडं मिळेल आणि लांबून जाणाऱ्याला पुढचा फटका अवघड पडेल. ग्रीनसमोरची जागा मोकळी सोडा, म्हणजे कमी ताकदीचा माणूसही चेंडू घरंगळत आत नेईल. होलभोवती एक मीटरपर्यंत उतार एकसारखा आणि 3 टक्क्यांच्या आत असावा, नाहीतर पट (ग्रीनवर घरंगळत मारलेला चेंडू) थांबतच नाही. पहिला होल पूर्वेला नको. आपल्याकडे उन्हाळ्यात सगळे सहाच्या आधी उतरतात आणि समोर सूर्य येतो.

रेती घेताना काचेच्या बरणीत अर्धी रेती आणि मीठ घातलेलं पाणी भरून हलवा, तीन तास ठेवा. वर जाड गढूळ थर बसला तर ट्रक परत पाठवा. थर पातळ दिसला तरी तेवढ्यावर विसंबू नका, एक पिशवी प्रयोगशाळेत द्याच.

काटोल रोडचे बागायतदार मात्र आमच्यापाशीच राहिले. ग्रीन उकरताना म्हणाले, “भाऊ, यंदा रेती धुऊनच आणा, पैशाचं मागून पाहू.” रेती तीनदा धुतली. आज त्याच ग्रीनवर जोराचा पाऊस थांबून अर्धा तास झाला की पटिंग सुरू होतं. यंदा तिथल्या तिसऱ्या होलला पुढचा टी (पहिला फटका मारायची जागा) 60 मीटर आणखी पुढे आणायचा आहे. त्यांच्या सूनबाई आता खेळायला लागल्या आहेत.