वर्ग पुढे न्यायचा, की मागे राहिलेल्यांसाठी थांबायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले. शिक्षण परिषद असो, कुणाच्या घरचं लग्न असो की बसस्टँड, नव्याने लागलेला एखादा शिक्षक गाठतोच आणि विचारतो, "बाई, वर्ग पुढे न्यायचा, की मागे राहिलेल्यांसाठी थांबायचं?" बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मी चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटाची देखरेख करत. दर वेळी उभ्या उभ्या काहीतरी उत्तर देते आणि घरी आल्यावर ते अपुरं वाटत राहतं.

पहिली बावीस वर्षं मी वर्ग पुढेच नेला. तेव्हा शिष्यवृत्तीची परीक्षा चौथीला आणि सातवीला असायची. त्यासाठी सकाळी आठला शाळा उघडायची, चार-पाच तयारीची मुलं समोर घ्यायची आणि जीव तोडून शिकवायचं. यादीत आपल्या शाळेची नावं आली की गावात पेढे वाटले जायचे. त्या मुलांचा मला आजही अभिमान आहे. पण शाळेचा निकाल वाढणं आणि शाळेतल्या मुलांमधलं अंतर कमी होणं ही दोन निराळी कामं आहेत, हे मला २०११ साली एका मुलीने दाखवलं.

चौथीत होती. वही नीटनेटकी, अक्षर वळणदार. जुलैतल्या एका दुपारी मी सहज तिच्याशेजारी बसले आणि ती लिहिते कशी ते पाहिलं. तिने आधी अख्ख्या ओळीची शिरोरेषा ओढली आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर टांगायला घेतलं. 'शाळा' लिहिताना दोन्ही काने आधी उभे केले, मग त्यांच्या मध्ये 'ळ' बसवला, 'श' शेवटी. ती लिहीत नव्हती, फळ्यावरचं चित्र काढत होती. मी फळा पुसला आणि वहीवर बोट ठेवून विचारलं, हे काय गं लिहिलंयस? ती खाली बघत राहिली. त्या वहीच्या पानापानावर माझी बरोबरची खूण होती, खाली माझी सही होती.

तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे. तिथल्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, दिवाळी झाली की टोळी निघते, कधी सांगली-कोल्हापूरकडे, कधी थेट कर्नाटकात, आणि परत येते ती गुढीपाडव्याच्या मागेपुढे. मुलगी सोबत जाते, कारण आई उसाच्या फडात असताना कोपीवर, म्हणजे राहायच्या झोपडीवर, धाकट्याला कुणीतरी सांभाळायला लागतं. हिशेब करून बघा. चौथीत आलेल्या त्या मुलीच्या वाट्याला शाळेची धड दोन वर्षंही आली नव्हती. शिक्षण हक्क कायद्याने मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवायचं असतं आणि ते योग्यच आहे. दहा वर्षांच्या मुलीला पहिलीच्या पोरांत बसवू नये. पण त्याच कायद्याने अशा मुलासाठी खास प्रशिक्षणही सांगितलं आहे. वर्गात बसवणं आम्ही लगेच केलं, प्रशिक्षण मात्र कागदावर राहिलं.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की यादी खालून वाचा. सरासरीवर विसंबू नका. वर्गाची सरासरी पाच गुणांनी वाढली तर ते पाच गुण कुणाचे, हे नाव घेऊन सांगता आलं पाहिजे. बहुतेक वेळा ते वरच्यांचेच असतात. ज्यांच्या घरी वाचणारं कुणी आहे, त्यांची आपण थोडं ढकललं की गाडी सुटते. खालच्यांसाठी वेगळंच काम लागतं.

ते काम अवघड नाही, चिवट आहे. मुलाला एकेकट्याला व्हरांड्यात घ्यायचं, इतरांसमोर नाही. 'असर' या शिक्षणाच्या पाहणीचे कार्यकर्ते २००५ पासून खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन जी वाचनाची चाचणी घेतात, ती साधी आहे: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कुठे अडतं ते पाच मिनिटांत कळतं. आम्ही दोन शिक्षकी शाळा. पहिला तास ठरवून टाकला: इयत्ता विसरायची. तिसरी-चौथीतली अक्षराशी अडलेली मुलं एकीकडे, जोडाक्षराशी अडलेली दुसरीकडे, वाचू शकणारी झाडाखाली पुस्तकं घेऊन. तासानंतर सगळी पुन्हा आपापल्या वर्गात. ही काही माझी अक्कल नव्हे. 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्यात २००० नंतरच्या वर्षांत बालसखी, म्हणजे वस्तीतल्याच शिकलेल्या मुली, नेमून मागे पडलेल्या मुलांना रोज वेगळं घेतलं होतं आणि त्याचा उपयोग किती झाला ते मोजलं अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी, ज्यांना २०१९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

एक गोष्ट मात्र आम्ही आमच्या अनुभवाने ठरवली. अक्षराशी अडलेला गट शाळेतल्या सर्वांत अनुभवी शिक्षकाने घ्यायचा. एरवी उलट होतं. जुना शिक्षक चौथीच्या हुशार मुलांना आणि नवीन लागलेला, गोंधळलेला पोरगा सगळ्यात कठीण गटाला.

गणितातही हेच. ती मुलगी ४१ मधून १३ वजा करून ३२ लिहायची. तीनातून एक गेला दोन, चारातून एक गेला तीन. मोठ्यातून लहान काढायचं, वर-खाली काही का असेना. मी दशक, एकक, उसना घेणं सगळं सांगून दमले. मग तुरीच्या काड्यांचे दहा-दहाचे जुडगे बांधून तिच्यापुढे ठेवले. चार जुडगे, एक सुटी काडी. यातल्या तेरा मला दे म्हटलं. तिने एक जुडगा दिला, सुटी काडी दिली आणि थांबली. मग म्हणाली, "मोळी सोडावी लागंल की बाई." उसाची मोळी बांधताना, डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवताना तिने आईवडिलांना रोज पाहिलं होतं. त्या दिवसापासून आमच्या शाळेत दशकाचं नाव मोळी पडलं. इतर मुलंही तेच म्हणायला लागली आणि ती शिकवणारी झाली.

मूल रिकामं येत नाही, एवढं धरून चाला. पुढे केंद्रप्रमुख असताना एका तांड्यावरच्या शाळेत पहिलीच्या मुलाने चित्रातल्या बाईकडे बोट दाखवून 'याडी' म्हटलं. गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, याडी म्हणजे आई. शिक्षकाने चांगल्या मनानेच दुरुस्त केलं, "आई म्हण." तो मुलगा नंतर तासभर तोंड उघडेना. 'याडी' फळ्यावर लिहून शेजारी 'आई' लिहिलं असतं, तर त्याला एकाच वेळी दोन शब्द वाचता आले असते.

२२ जून २०१५ ला प्रत्येक मूल शिकतं करण्यासाठीच्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला, तेव्हा राज्यभरातून शिक्षक साताऱ्याचं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, बघायला जात होते. मीही गेले. मुलं जमिनीवर गटागटाने बसून एकमेकांना शिकवत होती आणि शिक्षक मधूनमधून फिरत होते, ते पाहून मला फार बरं वाटलं. परत आल्यावर पुष्कळ शाळांनी फरशा रंगवल्या. रंग आवश्यकच आहे, मुलांना आवडतो. पण कुमठ्याला बघण्यासारखं होतं ते हे, की कुठलं मूल कुठे अडलंय हे तिथल्या शिक्षकाला विचारल्याबरोबर सांगता यायचं. ते रंगाने येत नाही. मी केंद्रातल्या शाळाभेटीत एकच प्रश्न ठेवला: शेवटच्या पाच मुलांची नावं सांगा आणि मागच्या महिन्यात ती कुठून कुठे आली ते सांगा.

आणि स्थलांतराचा प्रश्न सुटल्याशिवाय आमच्या जिल्ह्यात अंतर कमी होणार नाही, हे मला ठामपणे वाटतं. हंगामी वसतिगृह ही चांगली सोय आहे. मूल गावातच आजीकडे राहतं, दोन वेळचं जेवण मिळतं, शाळा सुटत नाही. पण टोळ्या दिवाळीला निघतात आणि मी पाहिलं त्यातल्या बऱ्याच वर्षी मंजुरी त्यानंतर आली. निघालेलं मूल मग परत येत नाही. ही मंजुरी ऑक्टोबरच्या आत हातात पडली पाहिजे. कोरोनात तर सगळीच मुलं घरी बसली. 'असर'प्रमाणे देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो त्यांचं प्रमाण २०१८ ला ५०.५ टक्के होतं, ते २०२२ ला ४२.८ वर आलं. लोक हळहळले. ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळा तर दर वर्षी सहा महिने अशीच बंद असते.

पालक तक्रार करतात का, हेही तुम्ही विचारता. हो. एक वडील रागावून आले होते, आमच्या पोराचा तास त्या पोरांवर का घालवता म्हणून. मी त्यांना झाडाखाली नेलं. त्यांचा मुलगा एका लहान मुलाला गोष्ट वाचून दाखवत होता आणि मध्येच थांबून 'आता पुढं काय होईल सांग' म्हणत होता. ते बराच वेळ उभे राहिले. वर्ग थांबलेला नव्हता.

त्या मुलीला आजी नव्हती, म्हणून ती त्याही दिवाळीला टोळीबरोबर गेली. जाताना तिला, जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून, शिक्षण हमी पत्रक दिलं आणि ग्रंथपेटीतलं एक गोष्टींचं पुस्तक दिलं. तोवर ती अडखळत का होईना, उतारा वाचत होती. एप्रिलात गावात आली त्याच दिवशी पुस्तक परत करायला शाळेत आली. कव्हर निघालेलं, पानांना चिकट डाग. मधलं एक पान नव्हतं. धाकट्याने फाडलं म्हणाली. आणि त्या पानावर काय होतं, ते तिने मला सगळं तोंडी सांगितलं.