तुम्ही विचारलंत म्हणून: ‘र’ येत नाही, मग नाटकात घ्याल का?

सांगलीत मी मुलांच्या नाटकाचा वर्ग घेते. एप्रिलच्या शिबिराची नावनोंदणी चालू असते तेव्हा एखादी आई मागे रेंगाळते आणि बाकीचे पालक गेले की हळूच विचारते, “ताई, ह्याला र म्हणता येत नाही हो. चालेल ना?” यंदा तिघींनी विचारलं. त्यातल्या एकीने तर आधी लेकाला चपला घालायला बाहेर पाठवलं. मी उत्तरादाखल जेरेमी ब्रेट नावाच्या एका इंग्रज नटाचं सांगायला लागते आणि समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर ‘हे कुठलं मध्येच’ असं उमटतं. म्हणून एकदाच नीट लिहिते.

तिसरीत मला स्नेहसंमेलनात भालदाराचं काम मिळालं होतं. वाक्य एकच: “महाराजांचा विजय असो!” मी म्हणायची, “महालाजांचा विजय असो!” तालमीत सगळा वर्ग हसला, बाईसुद्धा हसल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून भाला माझ्याकडेच राहिला पण वाक्य गेलं. घरी आजी रामरक्षा म्हणून घ्यायची. ‘रामो राजमणिः सदा विजयते’ हा श्लोक ज्याने रचला त्याला माझ्यासारख्यांची अजिबात दया आलेली नाही. र मला यायला लागला तो पाचवीत, ‘काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’ हजारदा घोकून.

ब्रेट भेटला फार उशिरा, भाच्याने पेन ड्राइव्हवर शेरलॉक होम्सची जुनी मालिका आणून दिली तेव्हा. होम्सच्या गोष्टी मराठीत वाचलेल्या होत्या, त्यामुळे गुन्हेगार कोण ते ठाऊक होतं. तरी मी रात्री दोनपर्यंत पाहत बसले ते त्या माणसाच्या बोलण्यासाठी. एकेक शब्द अडकित्त्याने कातरल्यासारखा. ‘मोरिआर्टी’ हे नाव तो उच्चारतो तेव्हा पहिला र असा चाखून सोडतो की त्या खलनायकाची भीती त्या एका अक्षरातच कळते. (दुसरा र इंग्रज म्हणतच नाहीत. ‘शेरलॉक’मधलाही नाही. आमच्या आजीला हे कळलं असतं तर तिने इंग्रजांना रामरक्षेला बसवलं असतं.)

मग मी त्याच्याबद्दल वाचायला घेतलं आणि पहिल्याच पानावर थबकले. ह्या माणसाला लहानपणी र म्हणता येत नव्हता.

जन्म १९३३ चा, वॉरिकशायरमधल्या बर्क्सवेल गावचा. खरं आडनाव हगिन्स. वडील लष्करात अधिकारी, आई चॉकलेटवाल्या कॅडबरी घराण्यातली. शिक्षण ईटनसारख्या बड्या शाळेत, पण डिस्लेक्सियामुळे, म्हणजे वाचणं-लिहिणं जड जात असल्यामुळे, अभ्यासात आनंदच होता. तो रमायचा तो शाळेच्या गायकवृंदात. किशोरवयात र साठी शस्त्रक्रिया झाली. तीही पुरेशी नव्हती, पुढे वर्षानुवर्षं उच्चारांचे व्यायाम करावे लागले. मग लंडनच्या सेंट्रल स्कूलमध्ये नाट्यशिक्षण. मुलगा नट होणार हे वडिलांना मानवलं नाही, घराण्याचं नाव रंगभूमीवर नको म्हणाले. पोराने आपल्या पहिल्या सुटावरचं शिंप्याचं लेबल पाहिलं, त्यावर ‘ब्रेट’ होतं, तेच आडनाव लावलं. १९५४ मध्ये मँचेस्टरच्या लायब्ररी थिएटरमध्ये व्यवसायाला सुरुवात झाली.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण दिसायला देखणा असल्यामुळे बरीच वर्षं त्याच्याकडून देखणेपणाचंच काम करून घेतलं गेलं. १९५६ च्या ‘वॉर अँड पीस’मध्ये तो ऑड्री हेपबर्नचा भाऊ होता. १९६४ मध्ये ‘माय फेअर लेडी’त तिच्यावर भाळलेला फ्रेडी. बर्नार्ड शॉच्या ज्या नाटकावर तो चित्रपट बेतलाय, त्याच नाटकावरून पुलंनी ‘ती फुलराणी’ लिहिलं. सगळी गोष्टच शुद्ध उच्चारांची. त्यात हा माणूस उभा आहे, ज्याने एका अक्षरासाठी तोंडात सुरी चालवून घेतली, आणि पडद्यावर तो जे गाणं गातो त्याला आवाज मात्र बिल शर्ली नावाच्या दुसऱ्याच गायकाचा! शाळेच्या गायकवृंदातला मुलगा, बरं का.

पन्नाशीला टेकल्यावर होम्स आला. त्याआधी १९८० मध्ये लॉस एंजेलिसच्या एका नाटकात त्याने होम्सचा मित्र वॉटसन केला होता, चार्ल्टन हेस्टनच्या होम्ससमोर. मी पाहिली ती ग्रॅनडा ह्या टीव्ही कंपनीची मालिका १९८४ मध्ये सुरू झाली. होम्स राहतो तो बेकर स्ट्रीट उभारला होता मँचेस्टरमध्येच, जिथे तीस वर्षांपूर्वी त्याने पहिलं काम केलं होतं. मूळ कथा तो सेटवर जवळ बाळगायचा आणि संहिता होम्सचा मूळ लेखक कॉनन डॉइल याच्यापासून भरकटली की वाद घालायचा. दहा वर्षांत एक्केचाळीस भाग झाले. एका भागात होम्स कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर आपल्या व्यसनाची, कोकेनची सिरिंज वाळूत पुरून टाकतो. हे मूळ गोष्टीत नाही. मालिका मुलंही पाहतात म्हणून ब्रेटलाच ते हवं होतं, आणि त्यासाठी डॉइलच्या मुलीची परवानगी घेतली गेली. मूळ कथेसाठी भांडणाऱ्याने मोडलेला नियम तो हा.

ह्या दहा वर्षांत त्याचं स्वतःचं आयुष्य मात्र उसवत होतं. १९८५ मध्ये दुसरी बायको जोन विल्सन कर्करोगाने गेली. पुढच्या वर्षी तो मनाने कोसळला, रुग्णालयात राहिला, द्विध्रुवी (बायपोलर) विकाराचं निदान झालं. त्यावरच्या लिथियमच्या गोळ्यांनी अंग सुजलं. हृदय आधीच अधू होतं, तरुणपणी संधिवाताचा ताप येऊन गेलेला, आणि सिगारेट काही सुटली नाही. शेवटचे भाग पाहताना मला त्रास होतो. चेहरा फुगलेला, धाप लागलेली. एका भागात तर त्याच्या आजारपणामुळे होम्सचं काम होम्सच्या भावाच्या पात्राकडे सोपवावं लागलं. पण शब्द? डोळे मिटून ऐका, १९८४ सालचाच माणूस बोलतोय. १२ सप्टेंबर १९९५ ला लंडनमध्ये तो गेला, एकसष्टाव्या वर्षी.

लहानपणी लागलेले ते उच्चारांचे व्यायाम आपण रोज करतो, काम असो वा नसो, असं तो सांगायचा. होम्सची वाहवा होत असतानाही. मी आयांना त्याची गोष्ट सांगते ती ह्या एवढ्या माहितीसाठी. ऑपरेशनचं मनावर घेऊ नका. लहान मुलांना र उशिरा येतोच. सहा-सात वर्षांनंतरही आला नाही तर वाचा उपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या, ते मी करू शकत नाही. मी राळे मिसळून घेईन, रोज दहा मिनिटं, सगळ्यांकडून, म्हणजे कोणा एकाला वेगळं बसावं लागणार नाही.

आणि हो, घेणार. शनिवारी पाच वाजता पाठवा, सोबत पाण्याची बाटली द्या. वाक्य मिळेल, आणि त्यात र आला म्हणून ते मी बदलणार नाही.