मुटक्याला मार्क

दुपारी जेवून टीव्हीसमोर लवंडले होते, डायव्हिंगचं काहीतरी रिपीट चालू होतं. दहा मीटरच्या प्लॅटफॉर्मवरून ती पोरगी हवेत गोल गोल फिरली आणि पाण्यात गेली, पण पाणी म्हणाल तर चूळ भरल्याएवढंही उडालं नाही. पंच खूश. तिथे पाणी जितकं कमी उडेल तितके मार्क जास्त. ताशी पन्नासेक किलोमीटरच्या वेगानं यायचं, तळवे सपाट करून पाण्याला भोक पाडायचं, त्याच भोकातून अख्खं अंग आत न्यायचं आणि वर येऊन मी नव्हतेच असा चेहरा करायचा. कौतुक आहे हो, पण मनातून हे मला कधी पटलेलं नाही.

आजोळी, गोव्यातल्या माशेलला, सगळं उलटं होतं. सूर मारणारा हुशार, मान्य, पण आरडाओरडा व्हायचा तो मुटक्याला. गुडघे छातीशी, हातांची मिठी, डोळे गच्च आणि धप्प! काठावरचे सगळे भिजले पाहिजेत, नाहीतर परत चढ. २४ जूनला सांजांव, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा पावसाळी सण, शेजारच्या वाड्यावरची पोरं डोक्यावर फुलापानांची कोपेलां घालून विहिरीत उड्या घेत वाड्यावाड्यातून फिरायची आणि आमचे मामेभाऊ बोलावणं नसताना त्यांच्यात घुसायचे. आजी खिडकीतून ओरडायची, "पिवपाचें उदक तें!" कोण ऐकतंय.

तर सध्याचा माझा उद्योग असा, की विहिरीच्या कठड्याला जाड हातकागद बांधायचा, त्यावर कपड्यांची नीळ कोरडीच चोळायची आणि भाच्याला नि त्याच्या गँगला म्हणायचं, मारा. थेंब पडेल तिथे निळा रंग फुटतो, ओघळतो. सूर मारला की कागदावर चार ठिपके, तेही बिचारे. मुटक्याला निळे फराटे खालून वर जातात. पण सगळ्यात भारी छाप येतो तो पोटावर आपटणाऱ्याचा, पाणी पसरट उडतं आणि कागदाची एक बाजू अख्खी धुऊन निघते. बाकी जूनमध्ये कागद वाळत नाही, बुरशी धरते, तीही छान दिसते म्हणून मी पुसत नाही.

डेव्हिड हॉकनीनं १९६७ साली स्विमिंग पूलमधला असाच एक उडालेला फवारा रंगवला. दोन सेकंदांचा फवारा, रंगवायला दोन आठवडे. आणि उडी मारणारा चित्रात कुठेच नाही, नुसतं पाणी! जपानात काझुओ शिरागा तर १९५५ला प्रदर्शनात चिखलातच लोळला, पुढे दोरीला लटकून पायांनी चित्रं काढायचा. आता चिखलात लोळणं ही मोठी कला, हे माशेलमध्ये कुणाला सांगायला जाऊ नका, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या मैदानात अंगाला तेल चोळून चिखलकाला खेळणारा अख्खा गाव आहे तो, हसतील.

परवा भाचा विचारत होता, "मावशी, हे विकणार तू?"

म्हटलं बघू, कुणी घेतलं तर.

"मग खाली नाव माझं घाल. उडी माझी आहे."

हे मी हसण्यावारी नेणार होते, पण पोरगं पोट लाल करून घेऊन समोर उभं. शिरागाला हा प्रश्न पडला नसणार, अंगही त्याचंच आणि चित्रही त्याचंच. माझा काय, कागद आणि पाच रुपयांची नीळ. दोघांचं घालूया म्हटलं तर म्हणतो, आधी माझं.

अजून ठरलेलं नाही.