फिका रंग, कोरड्या हिरड्या

रेड वाईन जितकी काळपट तितकी कडक, म्हणजे तिच्यात टॅनिन (तोंड कोरडं पाडणारं द्रव्य) जास्त, अशी माझी पक्की समजूत होती. त्या समजुतीपायी परीक्षेची फी दोनदा भरली.

वाईनच्या कोर्सच्या लेव्हल तीनला लेखी आणि टेस्टिंग (वाईन चाखून वर्णन लिहिणं) या दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. लेखी निघाला. टेस्टिंगला दोन ग्लास, एक व्हाईट, एक रेड, आणि अर्धा तास. तिथे आपटलो. कित्येक आठवडे वाट पाहिल्यावर निकाल आला. चुकलं कुठे, ते त्यात नव्हतं.

माझा राग मात्र क्लासवर आहे (नाव घेत नाही). महिनोन् महिने आमच्याकडून द्राक्षांच्या जाती पाठ करून घेतल्या. चिलीत वर्षानुवर्षं मेर्लो समजून लावलेली कितीतरी झाडं प्रत्यक्षात कार्मेनेरची निघाली, हे १९९४ साली जाँ-मिशेल बूर्सिको या फ्रेंच तज्ज्ञांनी ओळखलं. पेतीत सिरा म्हणजे ‘छोटी सिरा’ नव्हे, ती ड्युरिफ नावाची वेगळी जात. आलिकांत बूशेचा गरसुद्धा लाल असतो. एरवी बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस बिनरंगी असतो, लाली येते ती सालीतून. सगळं मोठं रंजक. पण टेस्टिंगमध्ये जात ओळखायला गुणच नसतात! गुण वर्णनाला: आम्लता किती, टॅनिन किती, दर्जा कसा. हे मला परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कळलं.

दुसऱ्या खेपेला एका मॅडमकडे गेलो. त्यांनी समोर दोन ग्लास ठेवले. एक फिकट, विटकरी, पलीकडची बोटं दिसतील इतकी आरपार. दुसरी गडद जांभळी. मी घोट घ्यायच्या आधीच कागदावर लिहून टाकलं: पहिली, टॅनिन कमी, दुसरी, टॅनिन जास्त.

मॅडमनी कागद उलटा केला. “रंग विसरा. हिरड्या कोरड्या पडल्या, की तोंडाला पाणी सुटलं? एवढंच सांगा.”

पहिल्या घोटाने जीभ टाळूला चिकटली. दुसरीने गालातून पाणी सुटलं. पहिली नेबिओलो, बारोलो ही वाईन जिच्यापासून करतात ती, दुसरी बारबेरा. दोघी इटलीतल्या पीडमाँटच्या. नेबिओलोत रंग कमी, टॅनिन भरपूर, आम्लताही भरपूर. बारबेरा गडद आणि आंबट, पण टॅनिन बेताचं. तिचा आंबटपणाच मी ‘कडक’ म्हणून लिहिला असता.

आपल्याकडे ‘तुरट’ असा नेमका शब्द असताना मी ‘ॲस्ट्रिंजंट’ पाठ करत बसलो होतो! घरी तीन कप मांडले: वीस मिनिटं मुरवलेला कोरा चहा, लिंबूपाणी, आणि तिसऱ्यात दोन्ही अर्धं अर्धं. डोळे मिटून, कप अदलून-बदलून, रोज रात्री. बायकोने एक घोट घेतला आणि म्हणाली, “हे शिकायला पैसे भरलेस?” पहिले चार दिवस तिसऱ्या कपात तुरट ओळखता येईना, आंबट त्याला झाकून टाकायचं. पाचव्या दिवशी कळलं: घोट टाकल्यावर थांबायचं. पाणी आधी सुटतं, कोरड मागून येते. जांभळाचा हंगाम असेल तर चहाचीही गरज नाही.

वाईनच्या वर्णनात येणाऱ्या ब्लॅककरंट या फळाच्या वासावर अडू नका; मी ते फक्त आइस्क्रीममध्ये खाल्लं होतं. बाटली विकत आणून सराव करायचा तर पुण्यातल्या मे महिन्यात ती आधी फ्रिजमध्ये ठेवून गार करा. ‘रूम टेंपरेचर’मधली ती रूम युरोपातली आहे, पंधरा ते अठरा अंशांची. आणि दोल्चेत्तो या द्राक्षाच्या नावाचा अर्थ इटालियनमध्ये ‘गोडुली’, पण त्याची वाईन गोड नसते. यावर मी एकदा पैज हरलोय.

दुसऱ्यांदा पास झालो. त्या दिवशी रेडच्या ग्लासात कुठलं द्राक्ष होतं, ते मला आजही माहीत नाही. रंग फिका होता. मी लिहिलं, टॅनिन जास्त.

हो, सरावाला थुंकायचा कप आपला आपण न्या. आमच्याकडे दहा जणांत एकच बादली फिरायची.