त्र्यंबक रस्त्यावरचा खोटा करंज

महिरावणी सोडून अंजनेरीकडे निघालं की डाव्या अंगाला एक उंच, राखाडी खोडाचं झाड लागतं. खोडाला खिळ्यांनी ठोकलेली पत्र्याची पाटी आहे आणि तिच्यावर लिहिलंय ‘करंज’. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तीन दिवस नाशिकला होतो. पंचवटी झाली, पांडवलेणी झाली, त्र्यंबकची रांगही झाली. त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते या झाडाबद्दल. पाटी चुकीची आहे, आणि ती जशी चुकली तशीच आपल्यापैकी बहुतेकांची चूक होते.

करंजाचं पान संयुक्त असतं. एका दांड्यावर समोरासमोर जोड्यांनी लागलेल्या पर्णिका (एकाच पानाचे पानासारखे दिसणारे भाग), टोकाला एकटी एक. सगळ्या मिळून पाच, सात, कधी नऊ. आता या झाडाची एखादी खालची फांदी डोक्यावर धरून बघा. लांब दांडा, त्याच्या दोन्ही अंगांना एकाच पातळीत ओळीने लागलेली हिरवी पानं. रस्त्यावरून पाहणाऱ्याला हे संयुक्त पानच वाटणार. पर्णिकेचा आकारही करंजाच्या जवळ जाणारा. पाटी लावणारा इथेच थांबला असावा.

म्हणून झाड ओळखायला उभं राहिलं की नावाच्या आधी एकच गोष्ट ठरवायची: एक पान कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं. ते सांगतो डोळा, म्हणजे फांदीवरचा तो बारीक कोंब ज्यातून नवी फूट येते. द्राक्षबागेत काम केलेल्या नाशिककराला डोळा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. एप्रिलची खरड छाटणी असो की ऑक्टोबरची फळछाटणी, सगळा हिशोब काडीवरच्या डोळ्यांचाच असतो. पानाचा देठ काडीला जिथे मिळतो त्या बेचक्यात डोळा असतो, आणि तोच नियम वडापासून आंब्यापर्यंत लागू आहे. पर्णिकेच्या देठाशी मात्र डोळा कधीच नसतो. करंजाच्या दांड्यावर शोधून पाहा, पर्णिकांच्या बुडाशी काही सापडणार नाही. डोळा मिळेल तो थेट दांड्याच्या मुळाशी, फांदीवर.

महिरावणीच्या झाडावर प्रत्येक हिरव्या पानाच्या बेचक्यात बारीकसा डोळा होता. म्हणजे ज्याला दांडा समजलं जातं ती डहाळी आहे, आणि ज्यांना पर्णिका समजलं जातं ती एकेक पूर्ण, साधी पानं आहेत. डोळा फार बारीक असेल, नजरेत येत नसेल, तर आणखी दोन खुणा आहेत. डहाळीच्या जून भागाला साल असते, नख लावलं तर तपकिरी पापुद्रा सुटून खाली हिरवं दिसतं. संयुक्त पानाच्या दांड्याला अशी साल नसते. आणि इथली पानं समोरासमोर नव्हती. एक डावीकडे, थोडं पुढे एक उजवीकडे, अशी आलटूनपालटून होती. करंजाच्या पर्णिका जोडीने येतात.

एवढं झालं आणि करंज बाद झाला. पुढची ओळख सोपी होती. पान आठ ते तेरा सेंटिमीटर लांब, कड अखंड, बूड गोलसर किंवा किंचित हृदयाच्या आकाराचं, टोक निमुळतं. चुरगाळलं की नाकाला नकोसा वास. साल राखाडी, तिच्यावर बारीक फोडांसारखे उंचवटे, आणि जुन्या भागात तिचे खवले सुटलेले. खाली पाहिलं तर मातीत कागदासारख्या गोल पापड्या. दहा रुपयांचं नाणं शेजारी ठेवलं (ते २७ मिलिमीटरचं असतं), तर पापडी जवळपास तेवढीच. मधोमध चपटी बी, चहूबाजूंनी पातळ पंख, वरच्या टोकाला छोटी खाच.

वावळ. वावळा म्हणा, शास्त्रात होलोप्टेलिया इंटिग्रिफोलिया. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच अखंड कडेच्या पानाचा. करंजाखाली अशा पापड्या मिळत नाहीत. तिथे मिळते चपटी, जाड, खरोखर करंजीच्या आकाराची शेंग.

समोरच्या टपरीवरच्या मावशींना यातलं काही करावं लागलं नाही. चहा ओतता ओतता म्हणाल्या, “तो वावळा आहे दादा. पापड्या हातावर चोळून बी खायचो आम्ही.” पाटीबद्दल विचारलं तर म्हणाल्या, “लावणाऱ्यांनी आम्हाला विचारलं कुठं?” चहाचे पैसे घेतले, पण वर ओंजळभर पापड्या कागदात बांधून दिल्या. तीन दिवसांतला सगळ्यात चांगला पाहुणचार हाच.

एक फसगत मात्र नोंदवायलाच हवी. झाडाच्या बुंध्याशी, जिथे कधीतरी फांदी तोडली होती, तिथून नवे फुटवे आले होते. त्यांच्या पानांची कड दातेरी होती! वावळाची रोपं आणि फुटवे अशीच पानं काढतात. हाताला सहज येतं म्हणून बुंध्याजवळचं पान तोडून घरी नेलं, तर ‘अखंड कड’ या खुणेशी ते कधीच जुळणार नाही. पान निवडावं ते वरच्या, उन्हातल्या, पूर्ण वाढलेल्या डहाळीवरचं. तोडायची गरज नसते; वाऱ्याने पडलेली डहाळी बहुधा मिळते. एकटं पडलेलं पान मात्र उपयोगाचं नाही, त्यावरून मांडणी कळत नाही. फोनमधली ओळख सांगणारी अ‍ॅपं दहा नावं दाखवतात तीही याचमुळे: आपण त्यांना एका पानाचा वरून काढलेला फोटो देतो. डहाळी दोन्ही बाजूंनी, बेचका अगदी जवळून, साल हातभर अंतरावरून, आणि बुंध्याशी माणूस उभा करून पूर्ण झाड, एवढे फोटो घेतले तर घरी बसूनही ओळख पटते.

पूर्ण झाडाचा आकार लांबूनच कळतो, म्हणून आधी पन्नास पावलं मागे जावं. करंज बसका, दाट, काळसर सावलीचा. वावळ उंच वाढतो, फांद्या पसरतात आणि शेंड्याच्या डहाळ्या खाली झुकतात. पण आकाराला दुय्यम पुरावा समजावं. विजेच्या तारांसाठी निम्मं झाड छाटलेलं असतं, आणि मग गुलमोहराची छत्रीही छत्री राहत नाही. त्र्यंबक रस्त्यावर गुलमोहर आणि पीतमोहर फुलं नसताना असेच एकमेकांत मिसळतात, कारण दोघांची पानं दुहेरी पिसांसारखी. तिथे कोवळे शेंडे बघावेत. पीतमोहराचे तांबूस, गंजाच्या रंगाच्या लवेचे असतात. गुलमोहराच्या देठाच्या बुडाशी स्वतंत्र पिसासारखी छोटी उपपानं असतात.

देठ मोडल्यावर पांढरा चीक आला आणि डहाळीवर पानाच्या जागी गोल कड्यासारखा वण दिसला, तर वड, पिंपळ, उंबर, नांदरूक यांच्याच घराण्यात शोधायचं. चीक डोळ्यांजवळ नेऊ नये.

राहिली ती पाटी. तिच्यामुळे मी फार अस्वस्थ झालो, आणि ते फक्त नावामुळे नाही. चार खिळे थेट सालीतून आत गेलेत. सालीच्या लगेच खालच्या थरातूनच पानांत तयार झालेलं अन्न खाली मुळांकडे उतरतं, आणि खोडाची जाडी वाढते तीही तिथूनच. खिळ्यांच्या भोवती साल फुगून आली आहे, पत्र्याची एक कड आत ओढली गेली आहे. आता ती उपटली तर जखम मोठी होईल. नाव लावायचंच होतं तर शेजारी जमिनीत खांब रोवता आला असता.

पुन्हा त्या रस्त्याने जाईन ते फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा वावळाची पानं गळलेली असतात आणि उघड्या फांद्यांवर पोपटी पापड्यांचे घोस लटकतात. चालत्या बसमधूनही तो करंज वाटत नाही.