शेवटी कच्छच्या मातीतून ईथर

मेथॅनॉलचं ईथर करणारा उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रिया घडवून आणणारा पदार्थ, आपल्याकडच्या दगड-मातीतून बनवायचा होता. एक्सआरडीचा, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासण्याचा, आलेख हातात पडला आणि पोटात गोळाच आला. टोकदार शिखरं दिसायची तिथे नुसता पसरट उंचवटा. नाशिककडच्या बेसाल्टच्या पोकळीतून निघालेलं, मोत्यासारखी झाक असलेलं हेउलँडाइट हे खनिज. आठवडाभर अमोनियम नायट्रेटच्या द्रावणात ढवळून त्यातलं कॅल्शियम-सोडियम काढलं होतं. रात्री भट्टी 500 अंशांवर लावली; अमोनिया उडून जाईल आणि मागे आम्लता उरेल, हा हिशोब. पण स्फटिकच ढासळला होता.

मॅडम म्हणाल्या, "अगं, क्लिनोप्टिलोलाइट समजून भाजलंस की काय?"

तसंच झालं होतं. दोन्ही खनिजांच्या स्फटिकाची चौकट एकच, पण हेउलँडाइटमध्ये सिलिका कमी, म्हणून ते एवढी उष्णता सोसत नाही. आपल्याकडचाच दगड वापरायचा, या हट्टापायी मी नीट वाचलंच नव्हतं. आजही त्याचं वाईट वाटतं.

त्या दिवशी अभिक्रियेची दुसरी नळीही भरायची होती, कच्छच्या बेंटोनाइट मातीची. ते गंधकाम्लात 80 अंशांवर चार तास ठेवलेलं. त्याहून जास्त ठेवलं तर आम्ल ॲल्युमिनियम इतकं ओढून नेतं की मातीचे थरच मोडतात. मग धुणं. दर वेळी गाळलेल्या पाण्यात बेरियम क्लोराइडचे दोन थेंब टाकायचे. दुधासारखं गढुळलं की सल्फेट उरलंय, पुन्हा धुवा. अकराव्या वेळी थेंब पडले आणि पाणी नितळच राहिलं, तेव्हा कुठे माती वाळवायला ठेवली होती.

दुपारी नायट्रोजनबरोबर मेथॅनॉलची वाफ 300 अंशांच्या त्या मातीवरून सोडली. मेथॅनॉलच्या दोन रेणूंतून पाण्याचा एक निघून गेला की उरतं डायमिथाइल ईथर. डिझेलच्या जागी जळू शकणारं, काजळी न धरणारं इंधन! उकळतं उणे 25 अंशांना, त्यामुळे बर्फातल्या सापळ्यात न थांबता पुढे जीसीकडे, म्हणजे वायूतले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्राकडे, जातं.

पाच वाजता पडद्यावर नवीन शिखर उगवलं. ईथरचा प्रमाण वायू सोडून शिखर यायची वेळ ताडून पाहिली. जुळली! पुन्हा सोडला, पुन्हा जुळली.

मॅडमनी घरी फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं आणि स्टूल ओढून माझ्या शेजारी बसल्या. रात्री नऊपर्यंत दर अर्ध्या तासाला नमुना घेत होतो. शिखर खाली यायला तयार नव्हतं.