पणजोबांच्या वस्तऱ्याचे साल
फोंड्याच्या आमच्या जुन्या घरातील पेटाऱ्यात गेल्या पावसाळ्यात पणजोबांचा वस्तरा सापडला. पाते जिथे मुठीला जोडलेले असते, त्या देठावर गंजाखाली काही अक्षरे होती. काकांनी लगेच पॉलिश पेपर आणून दिला. तो मी वापरला नाही हे बरेच झाले, कारण ठशाची अक्षरे उथळ असतात आणि ती घासली गेली की वस्तऱ्याचा जन्मदाखलाच जातो. शिलाई यंत्राचे तेल लावून दोन दिवस ठेवले, फडक्याने पुसले आणि बॅटरीचा उजेड आडवा टाकला, तेव्हा चांदणी, माल्टीज क्रॉस आणि ‘जोसेफ रॉजर्स अँड सन्स’ हे नाव दिसले.

शेफील्डच्या या पेढीचे ते चिन्ह १६८२ मधील आहे, एवढे वाचून मी एक संध्याकाळ हवेत होतो. पण चिन्हाचे वय ते वस्तऱ्याचे वय नव्हे. पेढीने तेच चिन्ह पिढ्यान्‌पिढ्या उमटवले. उपयोगी पडली ती खालची ओळ: ‘कटलर्स टू हर मॅजेस्टी’ आणि ‘इंग्लंड’. राणीचा उल्लेख म्हणजे एक तर व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१, किंवा १९५२ नंतरची एलिझाबेथ; पणजोबा १९४७ मध्येच वारल्यामुळे दुसरी शक्यता गळाली. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर उत्पादक देशाचे नाव सक्तीचे केले आणि शेफील्डच्या वस्तऱ्यांवर ‘इंग्लंड’ हा शब्द सर्रास दिसू लागला. आमचा वस्तरा पोर्तुगीज अमदानीतील गोव्यात आला असला, तरी प्रत्येक बाजारपेठेसाठी कारखाने वेगळा ठसा ठेवत असतील असे मला वाटत नाही.

पाते पाच सूत रुंद, बाजूंनी किंचित पोखरून घेतलेले. जुन्या पाचरीसारखे जाड नाही, की नखाने टिचकी मारल्यावर झणकणारे पातळही नाही. हे त्या काळाशी जुळते.

काळी मूठ शिंगाची की सेल्युलॉइडची, हे पाहण्यासाठी तापलेली सुई टोचण्याचा सल्ला मिळाला होता. सेल्युलॉइड भडकन पेटते, म्हणून तो मी मानला नाही. उजेडासमोर धरल्यावर कडेला तपकिरी रेषा दिसल्या, शिवाय मुठीला कसर लागली होती, तेव्हा ते शिंगच. मात्र तिचा एक खिळा पितळी आणि दुसरा लोखंडी असल्याने मूठ मागाहून उघडलेली, कदाचित बदललेलीही असावी. म्हणून डबीतल्या चिठ्ठीवर ‘अंदाजे १८९० ते १९०१’ एवढेच लिहिले, आणि पुढे ‘फक्त पाते’.